पाच स्वर, दोन व्यंजनं

भाषेनेच माणसाला माणूस केलं, नाही तर आपण अजून झाडावरच लोंबकळत असतो — हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा त्याच्या अंगठ्याखाली ‘ए’ हे अक्षर होतं, मोबाईलवरच्या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळातलं, पिवळं, चौकोनी, नखाएवढं. आणि अंगठ्याला जॅम लागलेला असल्यामुळे माणसाला माणूस करणारं ते अक्षर जागचं हलायला तयार नव्हतं. त्याने अंगठा पायजम्याला पुसला. पुन्हा सरकवलं. ओ, यू, ए, बी, ए, आय, एन... सातांत पाच स्वर. असली अक्षरं वाट्याला आली की खेळणारा कपाळावर हात मारतो. काल संध्याकाळी त्यानेही मारला होता. आणि आता तोंडातला पाव चावायचा राहून गेला, कारण अक्षरं जशी आली तशीच, न हलता, एक शब्द होऊन उभी होती. वाबेन.

शब्दाशी तोंडओळख होती इतकंच. निवृत्तीनंतर कोणी देवाला लागतं, कोणी बागेला. तो कोणी न वापरणाऱ्या इंग्रजी शब्दांना लागला होता. हे कुठल्याशा झाडाचं विष — शिकारी बाणाच्या टोकाला लावत, आणि तेच अगदी थोडं दिलं तर दुबळं हृदय सावरत असे. जन्मभर इमारतींच्या लिफ्ट तपासत खालीवर केलेल्या माणसाला हा शब्द वापरायचा योग यायचा कुठे? इथे. पटाच्या खालच्या ओळीत एक ‘एस’ एकटाच उभा होता, त्याच्या डावीकडे बरोबर सात घरं मोकळी. सातही एकदम लावली की वरचे गुण वेगळे. पलीकडून खेळणारी थोरली बहीण, ताई, चारीमुंड्या चीत. जन्मात पहिल्यांदा.

आणि डाव खलास... पिशवीत एक अक्षर उरलेलं नव्हतं. त्याचा हात रिकामा झाला की संपलं. मग पडद्यावर पुन्हा खेळायचं का असं विचारणारी चौकट येणार, आणि ताईने ‘हो’वर बोट ठेवलं नाही तर?

भांडण असतं तर बरं होतं. भांडलेली माणसं निदान एकमेकांच्या चुका आठवत बसतात, वेळ जातो. या दोघांत तसं काहीच नव्हतं. आई होती तोवर फोन रोज — आज जेवली का, बाई आली का, साखर किती, गादी बदलायची का — बहीणभाऊ तासतास बोलत, आणि आपण किती जवळचे आहोत असं त्याला वाटे. आई गेली आणि तासाचा फोन तीन मिनिटांवर आला. मग ‘बाकी काय?’ ‘बाकी ठीक.’ मग तेही नाही. आई ही दोघांची आई नसून दोघांचा विषय होती, हे कळायला त्याला एवढं वय व्हावं लागलं. त्या शांततेत एक दिवस ताईकडून या खेळाचं आमंत्रण आलं, सोबत एक अक्षर नाही. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. पहिल्याच खेपेला असला शब्द लावला की तो चष्मा पुसत बसला. त्यात बोलायची सोय नव्हती, ते त्याला फार सोयीचं वाटलं.

पण ताईच्या नावाशेजारी वाळूचं एवढंसं घड्याळ होतं. संध्याकाळपर्यंत त्याने काही लावलं नाही तर खेळ आपणहून बंद होणार. म्हणजे जिंकून संपवा किंवा गप्प बसून संपवा.

घरात बसवेना म्हणून तो केस कापायला गेला. डोक्यावर कापण्याजोगं फारसं नव्हतं; न्हाव्याला ते ठाऊक होतं, पण धंद्यात काही गोष्टी बोलायच्या नसतात. मान खाली असतानाच त्याने सगळी हकिगत सांगितली. न्हाव्याने कानामागचं आवरलं आणि विचारलं, “म्हणजे जिंकता येतंय, म्हणून तुमचं तोंड असं झालंय?”

“तसंच काहीसं.”

“काका, आमच्यात हरल्यावर होतं.”

“एखादा छोटा शब्द लावला तर चालेल म्हणा. दोन अक्षरांचा. मग डाव चालू राहील.”

“मग लावा की. हलू नका.”

तो हलला. चादरीखालून मोबाईल काढून पट पाहू लागला. ताईचे शेवटचे शब्द... ‘गो’. ‘इट’. त्याआधी ‘टू’. इतके दिवस तो समजत होता, ताईला अक्षरं वाईट येतायत. पण ताई? जिला नुसत्या व्यंजनांतूनही वाट सापडायची, ती ताई ‘टू’ लावते? — म्हणजे तीसुद्धा. पिशवी आटायला लागल्यापासून ती एकेक घास पुरवून पुरवून खात होती, त्याच्यासारखीच, त्याच्याही आधीपासून... त्याला हसू आलं, आणि ते ओठांवर पोचायच्या आत विरलं. आईचेही मोठे शब्द आधी गेले होते. नात्यातल्यांची नावं, मग भाज्या, मग चमचा. अखेरीस ‘हे’ आणि ‘ते’ एवढ्यावर सगळा कारभार. लांबून पाहणाऱ्याला माया आणि विसर सारखेच दिसतात, दोघांचेही शब्द तोकडे. आरशातला न्हावी म्हणाला, झालं. काय झालं ते त्याला क्षणभर कळलं नाही.

घरी परतताना जिन्यातच त्याने ताईला फोन लावला. (लिफ्टने तो शक्यतो जात नसे, आतलं ठाऊक होतं.)

“कोण गेलं?” ताईने विचारलं.

“कोणी नाही गं. मीच बोलतोय.”

“ते कळलं. मग?”

मग... तुला बरं आहे ना, चमच्याला चमचा म्हणतेस ना, मुद्दाम करतेस ना गं हे — यातलं काही विचारायच्या आतच पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली होती, म्हणजे फोन ठेवणार नव्हती.

“ठोंब्या,” ती म्हणाली, “वाळू संपत आलीय बघ तुझी.”

म्हणजे ती बघत होती. दिवसभर बघत असेल, किंवा आत्ताच पाहिलं असेल. लहानपणचं हे नाव तिला आठवलं होतं, किंवा हेच तेवढं उरलं होतं. तो पायरीवर बसला. छातीत काहीतरी सैल झालं आणि त्याच जागी दुसरं काहीतरी आवळलं, आणि दोन्ही त्याला हवंसं वाटलं.

“ताई,” तो म्हणाला, “माझ्याकडे नुसते स्वर आलेत गं. एखादं व्यंजन जास्तीचं असलं तर दे ना.”