हातावरचा ठेका

मैनाला मोझरीला न्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी माझा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं. गाणं शिकवणाऱ्या बाईला मौनाचं औषध देणाऱ्या माणसाला काय म्हणावं? काहीच म्हणता येत नव्हतं, म्हणून मुकाट घरी आले.

अमरावतीत मी मुलींना खंजिरी भजन शिकवते. दरवर्षी राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात भजन म्हणायला आमचं मंडळ मोझरीला जातं. मैना माझ्याकडे दोन वर्षं येत होती, पण अजून तिचा ठेका पहिल्या ओळीतच सुटायचा आणि सूर त्याच्या मागोमाग पळून जायचा. तिची आई बेबीताई अंबादेवीच्या वाटेवर हार-गजरे विकते. मैनानं मोझरीच्या मंचावर बसावं, एवढंच त्या माउलीनं मागितलं होतं. मला तिला 'नाही' म्हणायचं होतं आणि ते गळ्यातच राहून गेलं. चिठ्ठी लिहिता आली असती, पण चिठ्ठीतला नकार माझ्याच्यानं लिहवेना.

मी भित्री आहे असं कुणी समजू नये. वर्गात माझा आवाज चढला की शेजारची म्हैससुद्धा रवंथ थांबवते. माझे वडील मोरोपंत असंच शिकवायचे. ते म्हणत, आम्ही मागून म्हणत असू. लहानपणी माझी बोटं आपोआप पाटावर ताल धरायची, तेव्हा ते म्हणत, "बोटं आवर, कान उघड." मी बोटं आवरली. पुढे मुलींचीही आवरली.

न बोलण्याचीही सवय लागते. हळूहळू सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं वाटायला लागलं. ऑटोचे हॉर्न, देवळातली घंटा, संत्र्यांची हाळी, सगळं लांबून, मऊ होऊन यायचं. उत्तर द्यायचं नसलं की माणसाला पाहायला किती वेळ मिळतो! वर्गात शिष्यांतली थोरली गीतांजली भजन सांगायची आणि मी कोपऱ्यात बसून मुलींचे चेहरे पाहायची. मैनाचा चेहरा पाहवत नसे. ऐकताना ती इतकी घाबरायची की तिला काही ऐकूच येत नसावं.

एका दुपारी देवीचं दर्शन घेऊन निघाले, तर बेबीताईनं हाताला धरून पालथ्या क्रेटवर बसवलं.

"बसा बाई. तुमचं बोलनं बंद हाय, त आज मीच बोलतो," ती म्हणाली आणि खरंच बोलत सुटली. माझा जीव मात्र टांगणीला. आता ही मोझरीचं विचारणार.

शेजारी मैना गजरा बांधत होती. ऊन पिवळं झालं होतं, ओल्या गोणपाटावर शेवंतीचा ढीग होता आणि त्या वासानं माझे डोळे जड झाले. बेबीताईचं बोलणं दूर गेलं. उरली फक्त मैनाची बोटं. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, दोऱ्याचा वेढा, गाठ. पुन्हा दोन इकडे, दोन तिकडे. गिऱ्हाईक आलं, ती हसली, भाव सांगितला, पण बोटं थांबली नाहीत की घाईला आली नाहीत. मी अर्धवट झोपेत ते भजन मनात म्हणत होते, तिला वर्गात कधीच न जमलेलं, आणि ते तिच्या बोटांवर अगदी चपखल बसत होतं.

मी दचकून जागी झाले. पाहते तर माझीही बोटं क्रेटवर चालली होती. इतक्या वर्षांनी, कुणाला न विचारता.

मी मैनाचा हात ओढून घेतला आणि तिच्या तळव्यावर ठेका वाजवला. ती आधी बावरली. मग डोळे मिटून तिनं तोच ठेका माझ्या तळव्यावर परत दिला, जसाच्या तसा. मी पुढची ओळ दिली. तीही परत आली.

"काय करून राहिल्या बाई?" बेबीताईनं विचारलं.

"थांब ना आई," मैना म्हणाली, "बाई सांगून राहिल्या."

मला रडू आलं. आनंदाचं होतं आणि थोडं माझ्या लहानपणच्या बोटांसाठीही होतं.

तेव्हापासून वर्ग बदलला. मुली गोल बसून एकमेकींच्या तळव्यावर ठेका धरायला लागल्या. गीतांजली वैतागली. "मले त आयकूनच जमते, बाई. हात कावून धरू?" नको धरूस, मी मानेनं सांगितलं. ती कानानं शिकत राहिली. आणि मैनाच्या हातात खंजिरी अशी वाजायला लागली की सगळ्या तिच्याकडे पाहून लय धरू लागल्या. सूर अजूनही अधूनमधून भटकायचा, पण आता घाबरून नाही.

मोझरीला निघायच्या आदल्या सकाळी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. घरी येते तो दारात बेबीताई, मागे मैना.

"बाई, एक इचारतो," बेबीताई चाचरत म्हणाली. "पोट्टीले मोझरीले नेता का नाई? तुमी काईच बोल्ल्या नाई. मले रातभर झोप नाई."

महिन्यापूर्वीचा तो नकार मी शोधला. तो कुठेच सापडला नाही. 'चल' म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसती घरघर आली. बेबीताईचा चेहरा पडला.

मैनानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पुढे होऊन तिनं तळवा पसरला. मी त्यावर भजनाचा पहिला ठेका वाजवला, सावकाश, शेवटपर्यंत.

ती आईकडे वळली.

"नेऊन राहिल्या," तिनं सांगितलं.