शिडीचे दोन दात

कवळीवालीच्या हातची कवळी काय चीज होती, ते निवृत्त पोस्टमास्तरांना विचारावं. ते एकदा असे शिंकले, असे शिंकले, की चष्मा उडाला, टोपी उडाली, समोरच्या बाईच्या हातातलं पाकीट उडून पंख्यावर जाऊन बसलं. कवळी मात्र जागची हलली नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ही बाई तीस वर्षं लोकांचे दात घडवत होती. रस्त्यात कोणी हसलं की बाकीच्यांना हसू दिसायचं, हिला आपलं काम दिसायचं. "वरचा उजवा, मीच बसवलाय," मनात म्हणायची आणि पुढे जायची.

अशा बाईला सोमवारी सरकारी पाकीट आलं. आतला फोटो बघितला आणि तिच्या हातातली कानस पडली ती थेट पायावर.

फोटोत एक अर्धी कवळी होती. पुढचे दोन दात, टाळूला बसणारी गुलाबी पट्टी, दोन्ही बाजूंना तारेचे हूक. शेजारी मोजपट्टी. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की सरहद्दीपलीकडच्या छावणीत एक बाई कैदेत आहे. ती आपल्याच देशाची नागरिक असल्याचं सांगते, परत यायचं म्हणते. तिच्याकडे एकही कागद नाही. ही वस्तू तिच्याजवळ होती. ती तुम्ही बनवली आहे काय, हे सांगायला बुधवारी अकरा वाजता हजर राहावं.

सांगायचं काय त्यात! शिडीचे दात होते ते.

शिडी म्हणजे कवळीवालीच्याच इमारतीत राहणाऱ्या घड्याळवाल्याची मुलगी. एवढी उंच, की दिवा बदलायला स्टूल लागत नसे आणि पावसात बाकीच्यांच्या आधी भिजायची. आणि तिच्या बगलेत कायम असायची ती डावरी, कवळीवालीची एकुलती एक. डाव्या हाताने लिहायची, डाव्याने जेवायची, भांडताना बोटसुद्धा डावंच नाचवायची. सोळाव्या वर्षी दोघी सायकलवरून पडल्या आणि शिडीचे पुढचे दोन दात गेले. ती गोष्ट कवळीवाली इतक्या वेळा सांगायची, की रस्त्यातला खड्डा वाढत वाढत विहिरीएवढा झाला होता. सायकल कोण चालवत होतं, तेवढं मात्र ती सांगत नसे.

एकोणिसाव्या वर्षी दोघी चार दिवसांच्या सहलीला म्हणून गेल्या, त्या परक्या मुलखातल्या कट्टर लोकांच्या फौजेत जाऊन मिळाल्या. त्याला आता सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी दोन फोन आले, मग तेही बंद.

त्या वेळी पोलीस आले, तेव्हा कवळीवालीने पदर खोचून जबाब दिला होता. "माझी पोर? अहो, छत्री उघडायला सुद्धा ती माझी परवानगी घेते. त्या शिडीनं ओढून नेली तिला." इतकं रंगवून सांगितलं, की हवालदाराने डोळे पुसले. सरकारी यादीत शिडीच्या नावापुढे लागलं, 'सामील'. डावरीच्या नावापुढे, 'फूस लावून नेलेली, बेपत्ता, बहुधा मृत'. आणि तिची फाईल बंद झाली.

आता शिडी परत यायचं म्हणत होती. एकटी.

सोमवारपासून कवळीवालीला बसवेना. बसली की उठायची, उठली की कशाला उठलो ते विसरायची. मंगळवारी तर एका वकिलाच्या कवळीत तिने वरचे दात खाली आणि खालचे वर बसवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, हा माणूस कोर्टात तोंड उघडेल आणि न्यायाधीश पळून जाईल."

घरी खालच्या मजल्यावर थोरली जाऊ वाट बघतच होती.

"त्यात एवढा विचार कसला? माझं काम नाही म्हणून मोकळी हो. आख्ख्या गल्लीला बनवतेस, एक सरकार बनवता येत नाही तुला?"

"दात माझेच आहेत, जाऊबाई."

"असू देत! तिथे बंदुका घेऊन नाचल्या, तेव्हा घर आठवलं नाही. आता हरल्यावर आठवलं होय? आणि उद्या जिन्यात समोर आली तर काय म्हणू मी तिला? ये बाई, बस, किती मारलेस?"

"तिनं मारलं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नाही मारलं हे तुला कोणी सांगितलं?"

कवळीवाली तडक जिना चढून वर गेली.

खरं सांगायचं तर तिला नाहीच म्हणायचं होतं. माझी आली नाही आणि हिने का यावं? लगेच दुसरं मन उसळायचं. माझीचं काय झालं हे जगात एकीलाच ठाऊक आहे, आणि तिच्या तोंडावर मीच दार लावू?

संध्याकाळी घड्याळवाला तिच्या घराच्या दारात उभा राहिला. कपाळावर भिंग तसंच होतं, काढायचं विसरलेला.

"ताई, मलाही पत्र आलंय. रक्त द्या म्हणतात, नातं तपासायला. मी नाही म्हणून कळवलं."

"तुमची मुलगी आहे, भाऊ."

"होती. सगळ्यांना सांगितलंय मी, ती गेली म्हणून. पहिल्या वर्षी दुकानाच्या काचा तीनदा फुटल्या, ते तुम्ही पाहिलंय. आता कुठे धाकट्या दोघांचं मार्गी लागतंय. तुम्ही पण नाही म्हणा. हात जोडतो."

"आणि ती? तिथेच मरू दे?"

घड्याळवाल्याने तोंड फिरवलं. "त्या लोकांनी बाजारात बाँब लावले, ताई. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यापुढे मी कोणत्या तोंडानं सांगू, की माझी मुलगी सुखरूप घरी आली?"

कवळीवालीने त्याला पाणी दिलं. ते त्याने हातात धरलं आणि न पिताच परत ठेवलं.

बुधवारी ती साडेनवालाच कार्यालयात पोचली. बाकावर बसली, उठली, पाटी वाचली, पुन्हा बसली. शेजारचा माणूस वैतागून दुसऱ्या बाकावर गेला. अकराला तिला आत बोलावलं. साहेब चाळिशीचा होता आणि दुसऱ्या गालावर हात धरून एका गालाने बोलत होता.

"डावीकडची अक्कलदाढ," बसता बसता ती म्हणाली. "काढून टाका. डोक्यात जाईल."

"बाई, इथे प्रश्न मी विचारतो."

"विचारा की. पण दुखतंय ना?"

साहेबाने गालावरचा हात काढला आणि प्लास्टिकची पिशवी पुढे सरकवली. "नीट बघा आणि सांगा. वस्तू तुमच्या हातची आहे का? हो की नाही, एवढंच."

तिने हातमोजे चढवले, कवळी बाहेर काढली, भिंग लावलं. दात तिचेच. घड्याळवाल्याच्या घरात सगळ्यांचे दात जरासे पिवळट, म्हणून तिने त्या वेळी मुद्दाम तसा रंग निवडला होता. हूकही तिचेच. जन्मात पहिल्यांदा काही न रंगवता 'हो' म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि कवळी उलटी केली.

मधोमध सांधा होता.

फोटोत ही बाजू नव्हती. पट्टी कधीतरी तडकली होती आणि कोणीतरी ती जोडली होती. सांध्यातलं गुलाबी जरा फिकं होतं, परक्या मालाचं. पण सांधा सरळ नव्हता, नागमोडी होता. बाकीचे लोक मोडलेल्या कडा सरळ घासतात आणि चिकटवतात. ते वर्षभरात पुन्हा सुटतं. नागमोडी कापलं की दोन तुकडे एकमेकांना धरून राहतात. ही युक्ती तिची स्वतःची होती, आणि ती तिने एकाच माणसाला शिकवली होती. शाळा सुटली की ते माणूस तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायचं, आणि कानशीचे ओरखडे उलट्या अंगाला झुकतात म्हणून बोलणी खायचं. डाव्या हाताने घासलं की ते तसेच झुकणार.

सांध्यावरचे सगळे ओरखडे उलट्या अंगाला झुकले होते.

ती उठून उभी राहिली. मग बसली. मग पुन्हा उठली.

"काय झालं?" साहेबाने विचारलं.

"हे मोडलं कधी? ती काही सांगते?"

त्याने कागद चाळले. "तिसऱ्या हिवाळ्यात, असं तिच्या जबाबात आहे. तिथे त्यांच्या इस्पितळात दुरुस्त झालं."

"कोणी केलं?"

"सांगत नाही. तुमच्या मुलीबद्दलही आम्ही चारदा विचारलं. तोंड मिटून बसते."

सात वर्षं जिला कवळीवाली शिव्या घालत होती, ती पोरगी तिथे कैदेत बसून डावरीला झाकत होती. तिसऱ्या हिवाळ्यात डावरी जिवंत होती. आणि त्या लोकांच्या इस्पितळात काम करत होती. त्यासाठी कोणी ओढून नेलेलं नव्हतं. आईने शिकवलेलं काम होतं, तिने मन लावून केलं होतं. सांधा इतका सुबक, की कवळीवालीला सुद्धा खोड काढता आली नाही.

"दात माझे, हूक माझे," ती म्हणाली.

साहेबाने लिहिलं. "आणि दुरुस्ती?"

इथे ती अडकली. तीही माझीच, म्हणायचं आणि निघायचं! असल्या थापा ती झोपेत मारायची.

"सांधा माझ्या मुलीच्या हातचा आहे," ती म्हणाली.

साहेबाचं पेन थांबलं. तो हळूच म्हणाला, "बाई, समजून बोला. हे लिहिलं तर तुमच्या मुलीचं नाव फूस लावलेल्यांतून निघेल आणि सामील झालेल्यांत जाईल. तिच्यावर वॉरंट निघेल. मी तुम्हाला दुरुस्तीचं विचारलंच नाही, असं धरू शकतो."

"बहुधा मृत म्हणून जे आहेत, त्यांना कोणी शोधतं का?"

"नाही."

"आणि वॉरंट असलेल्यांना?"

साहेबाने मान डोलावली.

"शोधतात ना? मग लिहा. सापडली तर धरून आणा, खटला चालवा, काय केलंय ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. तुरुंगात टाकायची तर टाका, पण इथल्या. आणि त्या वेळी तिला ओढून नेलं असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. बॅग तिनंच आधी भरली होती. मी बघितली होती आणि सहलीला एवढे कपडे कशाला, हे विचारलं नव्हतं. तेही लिहा."

तो लिहीत होता तेवढा वेळ ती त्याचं अक्षर उलट्या बाजूने वाचत होती. एका ठिकाणी काना राहिला होता, तो तिने द्यायला लावला. मग सही केली.

"झालं. येऊ शकता तुम्ही," असं म्हणत साहेबाने कवळी पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड बंद केलं.

"ही कुठे चालली?"

"इथेच. पुरावा आहे."

"किती दिवस?"

"निर्णय होईपर्यंत. सहा महिने, वर्ष. येऊ द्यायचं की नाही हे वरचे लोक ठरवतील."

"आणि दुसरी दिलीत तिला?"

"दुसरी काय?"

"अहो, दात इथे आणि पोरगी तिथे. पुढचे दोन नाहीत, ती खाते कशानं?"

साहेबाचा हात पुन्हा गालावर गेला. "हे... हे माझ्या खात्यात येत नाही."

"मग कोणाच्या येतं? बोलवा त्याला."

"बाई, बाहेर माणसं थांबली आहेत."

"थांबू देत," असं म्हणून कवळीवालीने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि आपल्या पिशवीत साचा घ्यायचं सामान चाचपायला लागली. "मला तिच्या तोंडाचा ठसा मागवून द्या. कसा घ्यायचा ते कागदावर लिहून देते, तिथल्या कुठल्याही डॉक्टरला जमेल. ही नका देऊ, ठेवा तुमचा पुरावा. मी नवी करते."

"असा नियमच नाही."

"नसेल. मी बसलेय."

बाहेरून कोणीतरी दार ठोठावलं. ती हलली नाही. फक्त टेबलाखाली तिचा एक पाय सारखा हलत होता.