कुटुंबप्रमुखाचं सिम

आमच्या आजोबांना न्यूझीलंडमध्ये सफरचंदं तोडायची नोकरी लागली.

असं काही झालेलं नाही. ते केव्हाच वारले आणि आमच्या दारात, पपईशेजारी पुरलेले आहेत. तेव्हा तो विषय संपला. मी मोबाईलच्या बाजाराबद्दल सांगत होतो.

आमच्या फुनाफुटी बेटावर पूर्वी एकच कंपनी होती. रेंज नसली की माणूस चालत जाऊन बोलून यायचा, बेट तेवढंच आहे. मग दुसरी कंपनी आली. तिने कौटुंबिक योजना काढली: घरात राहणाऱ्या प्रत्येकाला सिम फुकट, डेटा सगळ्यांत सामाईक. थोड्याच दिवसांत बेटावर माणसांपेक्षा सिमं जास्त झाली. रेडिओवर म्हणाले, बाजार वाढतोय. कसा वाढतोय ते रेडिओने विचारलं नाही.

सिम विकणारा मनुआओ आमच्याकडे आला तेव्हा लोसालिने आत्या आजोबांच्या कबरीवर बसून चटई विणत होती.

"आत्या, घरात कोण कोण राहतं?"

आत्याने सगळ्यांची नावं सांगितली. आजोबांचंही: पेनिताला.

"पेनिताला आजोबा गेले ना?"

"कुठे गेले? हे काय, यांच्यावरच बसलेय मी."

मनुआओने मान डोलावली. त्याने स्वतःच्या दोन्ही आज्या आधीच नोंदवल्या होत्या. "मग कुटुंबप्रमुख कोण?"

"घरात थोरलं कोण आहे? काय विचारतोस पोरा."

आमच्याकडे थोरल्याच्या आधी कोणी बोलत नाही, हे कंपनीने शिकून घेतलं होतं. म्हणून बाहेरून येणारा फोन आधी प्रमुखाकडे वाजायचा. त्याने नाही उचलला तरच आपल्याकडे. आत्याने आजोबांचं सिम जुन्या फोनमध्ये घालून कबरीवर ठेवलं, त्यांच्या तंबाखूच्या डबीशेजारी. तो चार्ज कोणी केला नाही. मेलेल्या माणसाचा फोन चार्ज करायला आम्ही वेडे नाही.

तरी आमचा डेटा संपायला लागला. मी मनुआओला जाब विचारला. त्याने दुकानातल्या स्क्रीनवर बराच वेळ पाहिलं.

"तुझे आजोबा हवामान बघतात," तो म्हणाला.

"कुठलं?"

"न्यूझीलंडचं. थंडी किती आहे ते."

हे मी हसण्यावारी नेलं, कारण मला दुसरी काळजी होती. सफरचंदाच्या बागेत हंगामी कामासाठी मी अर्ज केला होता. एका घरातून एकच माणूस घेतात. बागेच्या बाई फोनवर मुलाखत घेणार होत्या आणि ती चुकली तर मी आयुष्यभर धक्क्यावर पोती उचलणार होतो.

मुलाखतीच्या दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलो. फोन वाजला. माझा नाही, कबरीवरचा. पडदा काळाच होता. दोनदा वाजला आणि थांबला, कोणीतरी उचलल्यासारखा. मग आजोबा बोलायच्या आधी खाकरायचे, तसं कोणीतरी खाकरलं. खालून.

मी कबरीच्या फरशीवर हात ठेवला. ती गुणगुणत होती.

माझा फोन वाजलाच नाही. शेवटी मीच बाईंना लावला.

"झाली की मुलाखत," त्या म्हणाल्या. "छान बोललात. फक्त आवाज फार खोलातून येत होता."

"मी बोललो?"

"तुम्ही पेनितालाच ना? झाडावर चढता येतं म्हणालात. जेवायला विशेष लागत नाही, आणि झोपायला अरुंद जागा चालेल. अशी माणसं मिळतात कुठे?"

"मी आपिनेलू. त्यांचा नातू."

"सॉरी, एका घरातून एकच."

मी आत्याकडे वळलो. "आजोबांनी माझी नोकरी घेतली."

"मोठे बोलत असताना तू मध्ये पडू नकोस."

"आत्या, ते मेलेत."

"म्हणून कामाला जायचं नाही? तू जिवंत आहेस, तू कधी गेलास?"

विमानाच्या दिवशी भोंगा वाजला, एरवी मोकळ्या असणाऱ्या धावपट्टीवर चेंडू खेळणारे बाजूला झाले. विमानतळावर प्रत्येक प्रवाशाला वजनकाट्यावर उभं करतात. आजोबांचं नाव पुकारलं. काट्यावर कोणी चढलं नाही. काटा हलला, थोडासाच. माणसाने आकडा लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं.

घरी आलो तर कबरीवरची चटई गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेली होती. डबी नव्हती. फोन नव्हता. आत्या शेजारी जमिनीवर बसून विणत होती.

"वर बस ना."

"रिकाम्या जागेवर कशी बसू," ती म्हणाली.

आजोबांचं काम बागेला इतकं आवडलंय की पुढच्या हंगामालाही तेच. प्रमुख बदलायचा तर कंपनी म्हणते, आधीच्या प्रमुखाने स्वतः दुकानात येऊन अंगठा द्यावा. म्हणून आज बागेच्या कार्यालयाला लिहिलं:

"महोदया, आपल्या सेवेत असलेले कै. पेनिताला यांना अंगठा उमटवण्यापुरती एक दिवसाची पगारी रजा मंजूर करून, शक्यतो दिवसाउजेडी आणि कोणाला हाक न मारता, फुनाफुटीस पाठवावे, ही नम्र विनंती."