अंधारगुहेतली घुबडगाडी

मित्रांनो, मी करमणुकीच्या पार्कमधल्या अंधारगुहेत फिरणारी एक जुनी गाडी आहे. 'फिरणारी' म्हणते ते केवळ सवयीने. आता माझी चाके काढून नेली आहेत आणि मी वर्कशॉपच्या मागे उन्हापावसात पडून आहे. माझ्या पुढच्या बाकावर रंगाचे रिकामे डबे रचले आहेत. मागच्या बाकावर सफाईवाल्या बायका ओली फडकी वाळत टाकतात. मी कुरकुर करत नाही. कुरकुर करायलाही समोर कोणीतरी ऐकणारे लागते. तुम्ही ऐकाल असे वाटले, म्हणून सांगते.

माझे अंग फायबरचे आणि सांगाडा लोखंडाचा. साच्यातून निघाले तेव्हा मला चेहरा नव्हता. मग एक रंगारी आला. पार्कच्या मालकांनी त्याला बजावले होते, "घुबड असं काढ की पोरं टरकली पाहिजेत." रंगारी म्हणाला, "साहेब, गुहेला घाबरू द्या की हवं तेवढं. पण गाडीला घाबरून कसं चालेल? तिच्यात तर बसायचंय त्यांना." त्याने माझे डोळे वाटोळे, पिवळे आणि जरा गोंधळलेले काढले. मालक दोन दिवस फुगून बसले होते. पण मुले मला पाहून खुदकन हसायची, आणि गुहेचे काळे तोंड पाहिले की गप्प व्हायची. रंगाऱ्याला जे हवे होते ते नेमके साधले होते.

गुहेच्या दाराशी जाड काळा पडदा होता. पडदा मला घासून मागे गेला की मिट्ट काळोख. पहिल्या वळणावर थंड वारा अंगावर यायचा. पुढे भिंतीतून एक रबरी हात बाहेर यायचा. त्यानंतर डुलत्या खुर्चीतला सांगाडा आणि छतावरून सुळकन खाली येणारा कोळी. शेवटी दुसरा पडदा, आणि लख्ख ऊन. माझ्या पुढच्या बाकावर दोघे बसत, मागच्या बाकावर दोघे. बहुतेक वेळा पुढचे आणि मागचे एकमेकांना ओळखतही नसत. तरी आतला अंधार चौघांचा मिळून असायचा.

माणसांना माझ्यात बसवायचे काम एक बाई करायच्या. सगळे त्यांना काकू म्हणत. लोखंडी दांडा मांडीवर आणून त्या प्रत्येक वेळी तेच सांगायच्या, "आत मोबाइल पेटवायचा नाही हं. भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरा. आणि आताच रडू येत असेल तर आताच उतरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही." कोणी ऐकायचे, कोणी नाही. पण त्या काळात ऐकणारे जास्त होते.

एके दिवशी माझ्यासमोर एक बाई आणि एक लहान मुलगी येऊन उभ्या राहिल्या. बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या. पार्कमधल्या कामगारांचे गणवेश त्या शिवत आणि गुहेतले काळे पडदेही त्यांच्याच हातचे होते. गणवेशांचे गाठोडे पोचवायला त्या आल्या, की काकू त्यांना म्हणायच्या, "या, एक फेरी मारून या." बरोबरची मुलगी त्यांची भाची. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती, वडील वायरमनच्या कामाला दिवसभर बाहेर. तिला वाढवले ते आत्यानेच. आत्या तिला 'बटण' म्हणायची. मुलगी तशीच होती, लहानशी, गोल आणि आत्याला घट्ट लावलेली.

त्या दिवशी बटणने गुहेचे तोंड पाहिले आणि आत्याच्या साडीत तोंड खुपसले. मागची रांग चुळबुळ करू लागली. कोणीतरी म्हणाले, "बसायचं तर बसा बाई पटकन." आत्या चिडली नाही. "तुम्ही व्हा पुढे," म्हणून ती भाचीला घेऊन बाजूच्या पायरीवर जाऊन बसली. माझ्या कितीतरी फेऱ्या झाल्या. दर वेळी बाहेर आले की त्या दोघी पायरीवर दिसायच्या. आत्या तिला बाहेर येणारी माणसे दाखवत होती. "बघ, ते आजोबा आत गेले होते ना? आले का परत? सगळे येतात परत." शेवटी बटण स्वतःच उठली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या गोंधळलेल्या घुबडात बसू."

पडदा मागे पडला आणि थंड वारा आला, तशी ती जोरात किंचाळली. माझ्या मागच्या बाकावर एक वयस्कर जोडपे होते. आत्याने मोबाइल काढला नाही, तिला दटावलेही नाही. तिने बटणचे डोके आपल्या खांद्यावर ओढले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू बोलू लागली. इतके हळू, की ते बटणला ऐकू येत होते आणि मला.

"आता एक हात येईल बघ. रबरी आहे. मनगटापाशी शिवण उसवलीय त्याची. मी शिवला असता तर दुहेरी टाके घातले असते."

हात आला. बटणने एक डोळा उघडला. "खरंच उसवलीय!" ती कुजबुजली.

"शू. मागच्यांना सांगू नकोस. त्यांना घाबरायचंय."

बटण तोंडावर हात दाबून हसली. मागच्या बाकावर आजी "अगं बाई!" म्हणून दचकल्या आणि मग आजोबांबरोबर मनसोक्त हसल्या. त्यांची फेरी त्यांना पुरती मिळाली. उन्हात आल्यावर आत्या मागे वळून म्हणाली, "माफ करा हं, सुरुवातीला ओरडली ती. पहिलीच वेळ आहे." आजोबा म्हणाले, "ओरडली होय? आम्हाला वाटलं गुहेतलंच कायतरी आहे."

त्यानंतर त्या दोघी नेहमी येऊ लागल्या, आणि नेहमी माझ्यातच बसायच्या. बटणची भीती केव्हाच पळाली होती, पण कानातले बोलणे थांबले नाही. आता ते गुहेविषयी नसायचे. शाळेत कोण रुसले, बाबांनी भाजीत मीठ दोनदा कसे घातले, कोणाच्या मुलीच्या फ्रॉकचे माप चुकले, असे काहीबाही. सांगाडा डुलायचा, कोळी सुळकन यायचा, मागची माणसे ओरडायची आणि पुढच्या बाकावर त्या दोघी डोक्याला डोके लावून कुजबुजत असायच्या. उतरल्यावर माझ्या गादीवर दोऱ्याचे तुकडे राहायचे. मित्रांनो, मी गाडी आहे, मला सुख म्हणजे काय हे सांगता यायचे नाही. पण त्या दिवसांत माझी चाके रुळावर हलकी चालायची.

मग आत्या येईनाशी झाली. गणवेशांचे गाठोडे दुसराच कोणी आणू लागला. काकूंनी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "त्या दवाखान्यात आहेत. बऱ्याच दिवसांपासून."

पुढे एका सुट्टीच्या दिवशी, पार्क गर्दीने फुलला असताना, बटण आली. बरोबर तिचे बाबा होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. काकूंनी विचारले, "आत्याबाई कशा आहेत?" बाबांनी मुलीच्या डोक्यावरून काकूंकडे पाहिले आणि आता आशा नाही अशा अर्थाने मान हलवली. काकूंचा हात दांड्यावर तसाच राहिला.

"काल रात्रीपासून एकच धोशा लावलाय हिने," बाबा म्हणाले. "घुबडात बसायचंय म्हणून. म्हटलं, आणतो."

मागच्या बाकावर एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन बसले होते. मुलगा रांगेत बराच वेळ उभा होता आणि दांडा घट्ट धरून म्हणत होता, "मी डोळे मिटणार नाही, बघाच तुम्ही." काकूंनी रोजचेच सांगितले.

पडदा मागे पडला. थंड वारा आला. बटणने सवयीने डोके शेजारच्या खांद्यावर टेकले आणि कान वर केला. काहीच ऐकू आले नाही. बाबा ताठ बसून होते. त्यांना काय ठाऊक की इथे काही बोलायचे असते? ती वाट पाहत राहिली. मग ती रडू लागली. आधी नाकातल्या नाकात आणि मग हुंदके देऊन. ती अंधाराला मुळीच घाबरली नव्हती. हे तिथे फक्त मला कळत होते आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

बाबा गडबडले. "घाबरलीस? थांब, थांब हं राणी." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि टॉर्च लावला. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरात अंधार झाला की जाऊन दिवा लावला होता. त्यांना दुसरे काय सुचणार? "हे बघ, काही नाहीये. नुसता पत्रा आहे. या वायरी बघ. हा हात रबराचा, सांगाडा प्लास्टिकचा. बघितलंस?"

"बाबा, बंद करा ना," बटण म्हणाली.

पण त्याच वेळी मागचे गृहस्थ ओरडले, "ओ मिस्टर! बंद करा तो दिवा! आमच्या मुलाची सगळी मजा घालवलीत!"

"लहान मुलगी घाबरलीय, दिसत नाही का?"

"मग आणायची कशाला? बाकीच्यांनी काय घरी बसायचं?"

"तोंड सांभाळून बोला!"

"बाबा, बंद करा," बटण पुन्हा म्हणाली. तिचा आवाज कोणाच्याच कानापर्यंत गेला नाही. मागचा मुलगा आता भिंतीवरच्या वायरी पाहत होता. त्याचे वडील चालत्या गाडीत उभे राहिले आणि त्यांनी मोबाइलवर झडप घातली. मोबाइल रुळावर पडला. दांडा उचलला गेल्याबरोबर यंत्राने धोका ओळखला. सगळ्या गाड्या धक्क्याने थांबल्या आणि गुहेतले मोठे दिवे एकदम पेटले.

मित्रांनो, तो उजेड मी विसरू शकत नाही. कळकटलेले छत, दोरीला लोंबणारा कोळी, सांगाड्याच्या खुर्चीखालची मोटर, भिंतीवरची गळतीची ओल, सगळे उघडे पडले. पुढच्या गाडीत एक अगदी लहान बाळ भोकाड पसरून रडू लागले. मघापर्यंत ते आईच्या मांडीवर हसत होते. काकू रुळाच्या कडेने पळत आल्या. "बसा, सगळे बसा, काही झालेलं नाही," त्या सांगत होत्या. दोघे बाप तरीही भांडत होते. बटण माझ्या बाकाच्या कोपऱ्यात सरकून, दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून बसली होती.

दोघांनीही तक्रार केली. एकाने लिहिले की आत फार अंधार असतो, दुसऱ्याने लिहिले की आत लोकांना शिस्त नसते. मालकांनी दोन्ही तक्रारींवर एकच उपाय काढला. गुहेत जागोजागी बल्ब लावले. अपघात घडू दिला म्हणून काकूंना गेटवरून काढून पार्किंगच्या मैदानात उन्हात उभे केले. काही दिवसांनी त्या तिथेही दिसेनाशा झाल्या.

बल्ब लागल्यावर बटण एकदा आली. तिच्या बाबांनीच आणले होते. नव्या माणसाने दांडा लावताना विचारले, "दोघंच का?"

"दोघंच," बाबा म्हणाले. "हिची आत्या गेली गेल्या महिन्यात."

मागचा बाक रिकामा होता. गुहेत पिवळा उजेड होता. बटणने आत शिरताच डोळे घट्ट मिटून घेतले. ती स्वतःपुरता अंधार करू पाहत होती, पण बल्बचा उजेड पापण्यांतून आत येतोच. बाबांनी तिचे मिटलेले डोळे पाहिले आणि जितक्या मायेने बोलता येईल तितक्या मायेने ते म्हणाले, "उघड डोळे, बाळा. बघ, आता सगळीकडे दिवे लावलेत. भ्यायचं काही कारणच ठेवलं नाही."

तिने डोळे उघडले. सगळे पाहिले. "हो," ती म्हणाली.

एवढेच. बाहेर आल्यावर बाबा बरे वाटल्यासारखे हसले. मुलीची समजूत पटली असे त्यांना वाटले. ती पुन्हा कधी आली नाही.

पुढे कोणीच येईनासे झाले. उजेडात फिरणाऱ्या घुबडात कोण बसणार? गुहा पाडली. माझी मोटर एका झोपाळ्याला बसवली, चाके सामान वाहायच्या ढकलगाडीला गेली.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी लहान मूल रडत असेल, तर त्याला आधी विचारा की काय झाले. उत्तर हळू आवाजात येते, म्हणून कान जवळ न्या. आणि दिवा लावण्याआधी मागे कोण बसले आहे, तेही बघा. मी हे तुम्हाला सांगते आहे खरी, पण ज्या दोघांना सांगायला हवे होते त्यांना सांगता आले नाही, आणि आता सांगून त्या मुलीचे काही परत येणार नाही.

उद्या भंगारवाला येणार, असे वर्कशॉपचा मिस्त्री सकाळी कोणाला तरी सांगत होता. मला ठेवताना माझे तोंड कुंपणाच्या पत्र्याकडे केले आहे. त्यामुळे तो आलेला मला दिसणार नाही.