निळ्या भिंतींचे पडदे

आप्पांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांना रंग दिला आणि त्यांच्या बायकोने त्याच घरांचे पडदे शिवले. कुणी नवं घर घेतलं की दोघांना एकदमच बोलावणं यायचं. आधी आप्पा जायचे. भिंती घासायचे, पुट्टी भरायचे, रंगाचे दोन हात मारायचे. भिंत वाळली की मग ती यायची, गळ्यात मोजपट्टी आणि काखेत कापडाच्या तुकड्यांची पिशवी. खिडकीशी एकेक तुकडा धरायची, चार पावलं मागे जायची, डोळे बारीक करून बघायची आणि घरच्या बाईला विचारायची, "हा कसा वाटतो?" विचारायची ते आपलं मान राखायला. ठरवायची तीच.

आप्पांचा हातखंडा होता रंग मिसळण्यात. दुकानांत रंग मिसळायची यंत्रं आली, तरी ते पांढऱ्याचा डबा घेऊन उकिडवे बसायचे आणि एकेका नळीतला रंग थेंबाथेंबाने आत सोडत काठीने ढवळायचे. "यंत्राला खोलीत ऊन कुठून येतं ते कळतं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लोक मान डोलवायचे, कारण आप्पांनी दिलेला रंग भिंतीवर आला की खोली खरंच मोठी आणि शांत वाटायची.

संसारात दोघांचं फारसं कधी वाजलं नाही. वाजलं ते शेवटच्या काही वर्षांत, आणि तेही पडद्यांवरून. आप्पांना तिने निवडलेली कापडं आवडेनाशी झाली होती. "हे काय चिखलाचे रंग उचलायला लागलीस?" ते म्हणायचे. "मी भिंत उजळ करायची आणि तू त्यावर गोणपाट टांगायचं."

"तुम्ही एकदा डोळे दाखवून या," ती म्हणायची.

"रंगाऱ्याचे डोळे आहेत हे. यांच्यावरच घर चाललंय. तूच दाखव तुझे."

ती गप्प बसायची आणि मशीनवर पुढची शिवण घालायची. एकदा तर आप्पा चारचौघांत म्हणाले होते, की वय झालं तशी आमच्या मंडळींची नजर गेली. त्यावर सगळे हसले, तीही हसली. तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या आजारात ती गेली, आणि आप्पांनी ब्रश धुऊन माळ्यावर ठेवून दिले.

ते खाली काढले लेकीसाठी. लेकीने आणि जावयाने नुकतंच स्वतःचं घर घेतलं होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका रविवारी ती आप्पांकडे येऊन बसली आणि म्हणाली, "आप्पा, निजायच्या खोलीला मला तो रंग हवाय. मी लहान असताना आपल्या मधल्या खोलीत होता तो."

"कुठला? फिका निळा?"

"फिकासुद्धा नाही. म्हणजे बघितलं तर पांढरा वाटायचा, आणि पडून राहिलं की हळूहळू निळा व्हायचा. मला ताप आला होता तेव्हा मी दिवसभर त्या भिंतीकडे बघत पडले होते. आई पलीकडे मशीन चालवत होती."

आप्पांना तो रंग चांगला आठवत होता. डबाभर पांढऱ्यात निळ्याचे मोजके थेंब, काळा अगदी नावाला आणि पिवळी माती चिमूटभर. तो कुठल्याच शेडकार्डात नव्हता. लेक पोटात असताना बायकोने मागितला म्हणून त्यांनी तो बनवला होता. त्या वेळी त्यांनी सात वेळा मिसळला आणि सातही वेळा तिने नाक मुरडलं. आठव्या वेळी ती काही न बोलता भिंतीला टेकून बसली, तेव्हा ते समजले.

दुसऱ्या दिवशी आप्पा डबे घेऊन लेकीकडे पोचले. ती कामावर जाताना किल्ली देऊन गेली होती. रिकाम्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं पसरून त्यांनी रंग मिसळायला घेतला. थेंब मोजून टाकले, पण आठवणीतला रंग काही येईना. मिश्रण पिवळसर, मळकट दिसत होतं. त्यांनी आणखी निळा टाकला. मग आणखी. बऱ्याच वेळाने मनासारखं जमलं, तेव्हा त्यांना तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं. दोन दिवसांत त्यांनी खोली पुरी केली. गुडघे बोलत होते, पण छताजवळची रेघ त्यांनी पट्टी न लावता ओढली आणि ती दोरीसारखी सरळ आली.

लेक संध्याकाळी आली, दारात थांबली आणि नुसतं "झाली का?" म्हणून चहा टाकायला गेली. तिच्या मागोमाग जावई आला. तो बस चालवायचा, दिवसभर रस्त्यावर ओरडून घरी आला की जेमतेम चार वाक्यं बोलायचा. त्यातलं पहिलं वाक्य तो खोलीत डोकावून बोलला, "हा काय पोहायचा तलाव केलाय?" आणि मग त्याला कोपऱ्यात स्टुलावर बसलेले सासरे दिसले. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे काय?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आप्पा, मला रंगातलं काय कळतंय."

"नाही, बोला. लाजू नका."

जावई लेकीकडे बघू लागला. लेक कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "आप्पा, जरा जास्त निळा झालाय."

"जास्त? हाच तो रंग. तूच विसरलीस."

लेक वाद घालत बसली नाही. तिने कपाटातून कोऱ्या कागदांचं पाकीट काढलं, आप्पांसमोर फोडलं आणि त्यातला एक कागद भिंतीला लावून धरला. "हा कागद कसा दिसतो?"

"जुना आहे," आप्पा म्हणाले. "पिवळा पडलाय."

बोलता बोलताच त्यांचं लक्ष जमिनीवर पडलेल्या फाटक्या पाकिटाकडे गेलं. चहावर साय धरली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी यंत्रातून दोन्ही डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "काका, मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. सगळ्यावर पिवळी काच लावल्यासारखं दिसत असणार. हळूहळू येतो, त्यामुळे माणसाला समजत नाही."

"किती दिवसांचा असेल?"

"दिवसांचा कुठला, सुरुवात होऊन सात-आठ वर्षं तरी झाली असतील."

आप्पांनी मान हलवली. सात-आठ वर्षं हा आकडा त्या क्षणी त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं, आणि तोवर डॉक्टरीणबाईंनी काळा चष्मा काढू दिला नाही. दुसरी पट्टी निघाली, चष्मा उतरला आणि आप्पा दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन थांबले. समोर कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्या इतक्या पांढऱ्या होत्या, की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आपला अंगातला सदरा तुपाच्या रंगाचा आहे असं ते इतकी वर्षं समजत होते. तो पांढरा निघाला. दुपारभर ते लेकीला बोट दाखवून विचारत राहिले, "हे असंच होतं का गं? तुला हे रोज असंच दिसतं?"

मग त्यांनी लेकीची खोली पाहिली. शाईची दौत उपडी झाल्यासारख्या चारही भिंती अंगावर आल्या. लेक आणि जावई दोन महिने त्यात निजले होते आणि चकार शब्द बोलले नव्हते. आप्पा खजील होऊन म्हणाले, "पोरी, अगं सांगायचंस तरी."

"तुमच्या हातची आहे ना," ती म्हणाली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना डॉक्टरीणबाईंचा तो आकडा त्यांना आठवला आणि हातातलं रेझर थांबलं. सात-आठ वर्षं. म्हणजे काम बंद करण्याआधीची निदान चार-पाच वर्षं त्यांनी लोकांची घरं अशीच रंगवली होती. कुणाकुणाच्या खोल्या बिघडवल्या असतील? आणि कुणी तक्रार कशी केली नाही?

पिशवीत छत्री टाकून ते तसेच निघाले. पहिलं घर बेकरीवाल्याचं. बेकरीच्या वरच बिऱ्हाड होतं. बेकरीवाल्याने हात पुसत त्यांना वर नेलं. "या आप्पा, खोली अजून नवीच्या नवी आहे बघा."

आप्पा उंबऱ्यातच थबकले. भिंत निळी होती, गडद, शुद्धीवर असलेल्या कुठल्याही रंगाऱ्याने असा रंग दिला नसता. पण खोली सुंदर होती. खिडक्यांना मोहरीच्या रंगाचे जाड पडदे होते, खाली विटकरी कड. दिवाणावर त्याच कापडाच्या उशा. बाहेरचं ऊन त्या पडद्यांतून गाळून येत होतं आणि निळी भिंत त्यात मऊ होऊन बसली होती. हेच ते चिखलाचे रंग. हेच ते गोणपाट.

"आवडली ना?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आवडली," आप्पा म्हणाले आणि चहाला न थांबता उतरले.

दुसऱ्या एका घरी तोच प्रकार. भिंत हिरवट निळी, पडदे मधाच्या रंगाचे. तिसरं घर निवृत्त मास्तरीणबाईंचं होतं. बाई काठी टेकत दाराशी आल्या आणि आप्पांच्या तोंडाकडे बघूनच म्हणाल्या, "डोळे झाले वाटतं तुमचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बसा आधी."

बाईंच्या बैठकीच्या खोलीत गव्हाळ रंगाचे पडदे होते, त्यांवर तांबूस फुलांची वेल. आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "मी आधी पांढरं कापड पसंत केलं होतं. तुमचा रंग झाला त्या दिवशी तुमच्या मंडळी मापं घ्यायला आल्या. भिंतीकडे बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, 'बाई, पांढरं नको. मी दुसरं आणते, माझ्यावर सोडा.' चार दिवसांत तीनदा कापड बदलून आणलं त्यांनी. शेवटी मीच विचारलं, की अहो, भिंतच का नाही बदलून घेत?"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'त्यांचा हात अजून सरळ चालतो. डोळ्यांचं मी बघते.'"

आप्पांनी तांब्या उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

"तुमच्याकडे बोलायचं नाही असंही बजावून गेल्या," बाई पुढे म्हणाल्या. "त्या होत्या तोवर मी पाळलं."

"मी तिला चारचौघांत बोललो, बाई. हिची नजर गेली म्हणालो."

बाईंनी त्यांची समजूत काढली नाही. खिडकीबाहेर एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. आप्पा निघताना म्हणाले, "भिंत परत रंगवून देतो. माझी चूक आहे."

"मुळीच नको," बाई म्हणाल्या. "मग या पडद्यांचं काय करू?"

पुढचे दोन दिवस आप्पा घराबाहेर पडले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना बायकोचा राग आला. मला आंधळ्यासारखं का वागवलंस, ओढून का नाही नेलंस डॉक्टरकडे, असं ते रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने बोललेसुद्धा. मग तिने किती वेळा सांगितलं होतं ते एकेक आठवायला लागलं आणि राग जिथल्या तिथे विरला. तिने कापड हातात घेऊन डोळे बारीक केलेले, मागे गेलेली चार पावलं, आपण जवळून जाताना तिचं गप्प होणं, सगळं पुन्हा नव्याने दिसू लागलं.

तिसऱ्या दिवशी ते कापडाच्या दुकानात गेले. लेकीची भिंत न बदलता, बायकोने केलं असतं तसं आपण करून बघावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दुकानदाराला त्यांनी दोन तास राबवलं. गठ्ठे उलगडले, बाहेर उजेडात नेले, परत आणले. अखेर एक सोनसळी कापड पसंत करून ते लेकीकडे गेले आणि दोघांनी मिळून ते खिडकीवर धरलं.

मग लेक म्हणाली, "आप्पा, सर्कशीचा तंबू दिसतोय."

आप्पांना हसू फुटलं. लेकही हसायला लागली, आणि हसता हसता दोघंही खाली फरशीवर बसली. "नाही जमत गं," ते डोळे पुसत म्हणाले. "तिला कसं जमत होतं, देव जाणे." आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, बेकरीवाल्यापासून मास्तरीणबाईंपर्यंत. लेक गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

पुढच्या रविवारी त्यांनी खोली पुन्हा रंगवली. पांढऱ्याचे दोन हात द्यावे लागले तेव्हा कुठे निळा दबला. मग आप्पांनी मिश्रण केलं, नव्या डोळ्यांनी, भीत भीत. दुपारी पहिला हात वाळला. लेक भिंतीला टेकून बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागली.

"तोच का?" आप्पांनी विचारलं.

"असेल. मला तेव्हा तापही होता," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला ते पडदे बघायचेत."

मास्तरीणबाईंकडे ते त्याच आठवड्यात गेले. बाईंनी लेकीला ओळखलं, गालावरून हात फिरवला आणि खिडकी उघडून दिली. लेक खोलीभर फिरली नाही. ती खिडकीखाली मांडी घालून बसली आणि तिने पडद्याची खालची कड उलटी करून बघितली. टाके बारीक होते, एकसारखे, आणि ओळीच्या शेवटी दोरा तीनदा मागे फिरवून पक्का केलेला.

"आप्पा, इकडे या," ती म्हणाली. "बघा तर खरं."

आप्पा गुडघे सांभाळत तिच्या शेजारी खाली बसले, आणि चष्मा न लावता त्यांना एकेक टाका दिसला.