ट्रायल रूमच्या दारातले स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. चार लोखंडी पाय आणि वर तपकिरी रेक्झीनची गादी, एवढाच माझा थाट. एका छोट्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या माणसाने मला घडवले. माझा एक पाय किंचित आखूड राहिला, म्हणून त्याने खाली रबराची टोपी बसवली आणि म्हणाला, "जा बाबा, कुणाच्या तरी कामी ये."

मित्रांनो, मी खरोखरच कामी आले. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी मला जागा मिळाली. तिथे एक बाई काम करत, सगळे त्यांना मावशी म्हणत. गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचे काम त्यांचे. सकाळी त्या एका दवाखान्याची फरशी पुसत, मग दुकान बंद होईपर्यंत इथे. त्यांचा नवरा गाड्या धुवायचा. "दोघंही मरमर राबतो, तरी हातातोंडाची गाठ पडत नाही," असे म्हणून त्या हसत. गर्दी नसली की माझ्यावर बसून भराभर घड्या घालत. त्या घड्या इस्त्री केल्यासारख्या दिसत. सगळे कौतुक करत, आणि त्यात माझाही थोडा वाटा आहे असे मला उगीचच वाटे.

पुढे म्हातारे मालक वारले आणि त्यांचा मुलगा गादीवर आला. त्याने नियम केला, कामावर कोणी बसायचे नाही. मॅनेजर मला न्यायला आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "अहो, मी बसून काम करते, झोपा काढत नाही."

"मला कळतं हो मावशी. पण माझंही पोट या नोकरीवरच आहे." तो बिचारा स्वतः दिवसभर उभाच असे.

मी मागच्या गोदामात गेले. मावशी फक्त जेवायच्या सुट्टीत माझ्याकडे येत. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. घोट्यांत चपलेचे पट्टे रुतत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आराम करायला सांगितले होते.

"कुठून करू आराम?" त्या सोबत काम करणाऱ्या एका चष्मेवाल्या पोरीला म्हणत. "सुट्टी घेतली की पगार कापतात."

एके दुपारी हातातला घास तोंडात जायच्या आधीच त्यांचा डोळा लागला. चष्मेवालीने हळूच दार लोटले आणि ट्रायल रूमचे काम स्वतः पाहू लागली. तेवढ्यात मालक गोदामात आला. त्याने झोपलेल्या मावशींकडे पाहिले आणि निघून गेला. थोड्या वेळाने मॅनेजर आला. त्याची मान वर होत नव्हती.

"मावशी, उद्यापासून येऊ नका म्हणालेत."

मावशींनी डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "आजचा दिवस तर माझाच आहे ना?"

त्याने मान डोलावली. मावशींनी मला उचलले आणि थेट ट्रायल रूमच्या दाराशी नेऊन ठेवले. त्या बसल्या आणि घड्या घालू लागल्या. केबिनच्या काचेतून मालक बाहेर पाहत होता. मॅनेजर जाऊन त्या काचेसमोर, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि बराच वेळ तिथून हलला नाही. एक वयस्कर बाई कपडे परत द्यायला आल्या. मावशी उठू लागताच त्या म्हणाल्या, "बसा हो, उठू नका." दुकानात कुणालाच काही वावगे वाटले नाही.

दुकान बंद होताना चष्मेवाली रडू लागली. मावशी तिला म्हणाल्या, "रडू नकोस गं. पाय जप."

आता मी पुन्हा गोदामात आहे. गादी फाटली आहे, अंगावर खोकी आहेत. ट्रायल रूमपाशी नवी बाई या पायावरचा भार त्या पायावर घेत उभी असते. मित्रांनो, दुकानात गेलात तर अशा माणसांच्या पायांकडे एकदा पाहा. मालकाला विचारा, "यांना बसायला काही नाही का?" मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

मावशी आता दुसरीकडे कुठेतरी कामाला असतील. तिथे त्यांना बसू देतात की नाही, ते मात्र मला कुणीच सांगत नाही.