विचारू नये असा माळ

लोणीच्या पूर्वेला, जिथे डांबर संपून नुसते आभाळ उरते, तिथे ज्योतिबांचा दीड एकर माळ आहे. गुडघे थकल्यापासून ते मेंढ्या घेऊन दूरदेशी जात नाहीत. पावसाळाभर गवत राखायचे, दिवाळीनंतर कापून गंजी रचायची आणि तिच्यावर चाळीस मेंढ्यांचा उन्हाळा काढायचा, एवढेच त्यांचे राज्य. यंदा ते राज्य रील काढणारे तुडवू लागले. कमरेएवढे सोनेरी गवत, मागे कलता सूर्य. माणसे त्यात यथेच्छ लोळत होती.

नात ऋतिका बारावीला होती आणि अमेरिकेतल्या ‘एरिया ५१’च्या नादाला लागली होती. वाळवंटातला लष्करी तळ. कित्येक दशके सरकार त्याचे नाव घेईना, म्हणून लोकांनीच तिथे परग्रहवासी वसवले, जवळच्या महामार्गालाही त्यांचे नाव मिळाले.

“आबा, तिथं कुनी काय सांगतच न्हाई. म्हणून लोक लांबूनच बघत्यात.”

“मग आपुन बी सांगू नये,” ज्योतिबा म्हणाले.

तिने माळाच्या तोंडाशी पत्रा ठोकून त्यावर एकच ओळ रंगवली : ‘या जागेबद्दल काहीही विचारू नये.’

आठवडाभर माळ निःशब्द राहिला. मग त्या निःशब्दतेलाच पालवी फुटली. फाट्यावरच्या चहावाल्याने ‘परग्रह भजी’ तळायला घेतली. टेकाडावर पांढऱ्या छत्रीखाली राखण करणाऱ्या बाळाबाईंचा, म्हणजे ऋतिकाच्या आजीचा, फोटो ‘गुप्त पहारेकरी’ म्हणून गावोगाव फिरला. आणि निमगाव सावाच्या ऋषी नावाच्या तरुणाने आवाहन टाकले : रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून आत घुसायचे. तेराशे जणांनी ‘येतो’ म्हटले.

ज्योतिबांनी भाकरी बाजूला सारली. “तेराशे म्हंजी गवताचा भुगा. कापायला मजूर मिळंना, अन् तुडवायला ही जत्रा. चैतात मेंढ्या इकाव्या लागतील.”

“तिकडं अमेरिकेत त्या तळात घुसायला बी वीस लाख येतो म्हणाले व्हते,” ऋतिका म्हणाली. “फाटकापाशी शे-दीडशे पोचले.”

“तेवढे आले तर लई झाले,” ज्योतिबा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. शनिवारभर ते वस्तीवर घरोघर विळे मागत हिंडले.

रविवारी बत्तीस आले. पत्र्यापाशी ज्योतिबा उभे, पायाशी विळ्यांचा ढीग.

“या पावणं. मनाई न्हाई. पण नेम हाय. फोन म्हातारीच्या टोपलीत टाकायचे, अन् रिकाम्या हातानं आत जायचं न्हाई.”

“विळा कशाला, बाबा?” ऋषीने विचारले.

“बोर्ड वाचला का?”

ऋषीने विळा उचलला.

“बुडापास्नं कापा,” ऋतिका मागून गंभीरपणे म्हणाली. “जे हाय ते खालीच हाय.”

बत्तीस पाठी वाकल्या. गूढाच्या ओढीने माणूस जितके वाकतो, तितके तो मजुरीसाठी वाकत नाही. दुपारपर्यंत माळ उघडा पडला. खाली होती फक्त माती, दोन सरडे आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल. भारे वाहून वाहून गंजी मात्र छपराच्या वर गेली होती. बाळाबाईंनी टोपलीतले फोन परत केले आणि प्रत्येकाला तांब्याभर ताक दिले.

“लई गुणाची पोरं,” त्या म्हणाल्या. “पुढल्या साली बी या.”

फाट्यावर चहावाला झारा हातात धरूनच पुढे आला. “राव, आत व्हतं तरी काय?”

ऋषीने तळहातावरचे फोड पाहिले. मग मागच्या एकतीस चेहऱ्यांकडे पाहिले. सगळ्यांनी खाली बघितले.

“त्याबद्दल काही विचारू नका,” तो म्हणाला.